क्योतोत गेशा बघायच्यात? गल्लीत नको, थिएटरात जा

'गेशासोबत जेवण' या नावाखाली जे विकतात ते अजिबात घेऊ नका. हॉटेलच्या खोलीपेक्षा जास्त पैसे उकळले आणि पदरात काय पडलं? लांबलचक टेबलं, पर्यटकांचा घोळका, गार झालेला तेम्पुरा आणि एक माइको, म्हणजे शिकाऊ मुलगी. जाहिरातीत पूर्ण तयार झालेली गेइको, म्हणजे क्योतोच्या बोलीत गेशा, होती. दोन छोटे नाच, प्रत्येक टेबलापाशी फोटो, की संपलं. त्या पोरीचा दोष नाही. पहिल्या वर्षाची असावी, खालचा ओठच तेवढा रंगवलेला होता.

संध्याकाळी गियोन या गेशांच्या वस्तीतल्या हानामिकोजी रस्त्यावर ताटकळणं त्याहून वाईट. पायांचे तुकडे पडतात आणि नटूनथटून दिसतात त्या बहुतेक भाड्याचा किमोनो घातलेल्या पर्यटक. खरी माइको कामाला निघालेली असते, ती थांबत नाही. लोक मोबाइल घेऊन तिच्या मागे धावतात, बघून लाज वाटते. २०२४ पासून गियोनच्या खासगी गल्ल्यांत शिरायला बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. ओचायात, म्हणजे तिथल्या चहाघरांत, जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीशिवाय घेत नाहीत. दारात हुज्जत घालू नका.

मियाको ओदोरी पाहिलं आणि सगळा वैताग उतरला. १८७२ साली सुरू झालेला हा नृत्यप्रयोग एप्रिलमध्ये गियोन कोबू या गेशांच्या वस्तीच्या थिएटरात असतो. तासाभराचा, देखावे बदलतात, पण मध्ये पडदा पडत नाही. नाच इनोउए घराण्याचा. गिरक्या नाहीत, चेहरा जवळजवळ निश्चल, गुडघ्यात किंचित वाकून सगळा तोल सांभाळलेला. पंखा सावकाश मिटतो आणि तेवढ्यात ऋतू पालटतो. या घराण्याच्या पाचव्या प्रमुख इनोउए याचियो यांना २०१५ साली 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा सरकारी मान मिळाला. बाजूला शामिसेन, म्हणजे तीन तारांचं वाद्य, घेऊन बसलेल्या वयस्कर बायकांकडेही बघा. रूपावर चालणारा धंदा असता तर त्या कधीच घरी बसल्या असत्या. गेशा कलावंत की शोभेची बाहुली, हा वाद माझ्यापुरता तिथेच मिटला. बैठकीच्या लावणीबद्दल आपल्याकडे काय काय बोललं गेलं, तेही आठवलं.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. प्रयोगात फोटो काढता येत नाहीत. एप्रिल जमत नसेल तर मे महिन्यात पोंतोचो या दुसऱ्या गेशा-वस्तीचं कामोगावा ओदोरी किंवा नोव्हेंबरात गियोन ओदोरी. तारखा बघूनच विमानाचं बुकिंग करा. गियोन कॉर्नर या पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमात एका तासात सात कलांचा एकेक तुकडा दाखवतात, दुसरं काहीच नसेल तर ठीक.