मिग-21 बिस: पेटीवरचे नाव आणि आतली पाठ

नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ज्याची बांधणी झाली आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला हवाई दलाने ज्याला निरोप दिला, त्या मिग-21 या लढाऊ विमानाच्या बिस या प्रकाराच्या प्लास्टिक प्रतिकृतीचा 1:72 प्रमाणातला संच गेल्या आठवड्यात हाती आला. मी नाशिककर असल्यामुळे या विमानाच्या आकाराबाबत तडजोड करणे मला जड जाते.

कोणत्याही संचाचे पहिले माप मी पंखांचे घेतो, कारण लांबी पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी, नाकापुढे आलेली नळी) धरून मोजली की वगळून, यावर पुस्तकांतले आकडे बदलतात. मूळ विमानाचा पंखविस्तार 7.154 मीटर आहे, म्हणजे प्रतिकृतीत तो 99.4 मिलिमीटर भरायला हवा. भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडून कॅलिपर लावला, तेव्हा 99.2 भरला. एवढा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. कोरलेल्या पॅनल रेषाही (पत्र्यांच्या जोडांच्या खुणा) बारीक आणि एकसारख्या खोलीच्या आहेत.

खरी अडचण पाठीत आहे. बिसमध्ये पाठीवरची इंधनटाकी मोठी केल्यामुळे कॉकपिटमागचा उंचवटा आधीच्या एम आणि एमएफ प्रकारांपेक्षा जाड झाला आणि तो जाडपणा शेपटीच्या उभ्या पंखाच्या मुळापर्यंत टिकतो. या संचातली पाठ मात्र मधूनच निमुळती होत जाते, म्हणजे पेटीवर बिस लिहिलेले असले तरी आत एमएफचे धड आहे. बाजूने काढलेल्या छायाचित्रावर धडाचा अर्धा भाग धरून पाहिला, की ही चूक लगेच लक्षात येते. चुकीचे रंग पुन्हा देता येतात, पण बाह्यरेषाच चुकली तर ते विमान दुसरेच होते, म्हणून हा दोष मी सर्वांत गंभीर मानतो.

नाकाची कडा हवी तशी पातळ आहे आणि आतला शंकूही बरोबर मध्यभागी बसतो. चाके ठीक आहेत. पिटो नळी फारच जाड असल्याने तिच्या जागी इंजेक्शनची सुई लावीन. ती नाकाच्या वर, पण मध्यरेषेच्या उजवीकडे बसवायची, हे बिस करणाऱ्यांनी विसरू नये.

डिकॅलच्या, म्हणजे प्रतिकृतीवर चिकटवायच्या छापील खुणांतल्या, हवाई दलाच्या गोल चकत्या भिंगाखाली पाहिल्या. बाहेरचे केशरी कडे आणि मधला हिरवा ठिपका यांच्यामधले पांढरे कडे एका बाजूला दोऱ्याएवढे उरले आहे. तीन रंगांची छपाई एकमेकांवर नीट बसलेली नाही, त्यामुळे या चकत्या मी वापरणार नाही.

ज्यांना एमएफ करायचे आहे, त्यांनी हा संच निर्धास्त घ्यावा. मी पाठीवर प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून त्यावर इपॉक्सी पुट्टीचा पहिला थर दिला आहे. तो वाळला की छायाचित्र शेजारी ठेवून पॉलिश पेपरने घासायला घेईन.