ब्रेक ऑइल कुठून जातंय?

रत्नागिरीत समुद्राच्या अंगाला गाडी उघड्यावर राहिली की खालून काय काय कुजेल याचा नेम नाही. आमच्या जुन्या हॅचबॅकचं ब्रेक ऑइल त्याच्या टाकीवरच्या खालच्या रेघेच्याही खाली गेलं, तेव्हा आधी पॅड बघितले. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि पातळी थोडी उतरतेच. पण पॅड शाबूत होते. शिवाय पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसायचं. मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा पंप, आतल्या आत ऑइल सोडत असला तरी पेडल बसतं, पण तेव्हा सहसा पातळी घटत नाही. म्हणजे ऑइल बाहेर जात होतं. गाडी चालवणं तिथेच बंद केलं.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, म्हणून स्टँड लावले, पुढच्या चाकांना दगड. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो, तिथे सगळंच ओलं आणि मातीनं माखलेलं. अशा चिखलात काही कळत नाही. ऑइल पाइपवरून ओघळून भलतीकडेच टपकतं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, त्यामुळे साबणपाणी नि ब्रशनं घासून धुतलं, कोरडं केलं आणि बायकोला म्हटलं, "दाब आणि धरून ठेव." बॅटरीच्या उजेडात, पाइप नटात शिरतो नेमका तिथे पिवळसर थेंब फुगत आला.

आता हात शिवशिवतात ते नट आवळायला. एका ओळखीच्यानं तर टेफ्लॉन टेप गुंडाळ म्हणून सांगितलं. अहो, हा काय मोरीतला नळ आहे? इथे आटे ऑइल अडवतच नाहीत. पाइपचं टोक फुलवून फ्लेअर केलेला असतो. तो फ्लेअर बैठकीवर दाबून धरणं एवढंच नटाचं काम. फ्लेअरच गेला असेल तर टेप काय करणार? जोर लावून आवळलं तर तो आणखी चिरडतो.

साध्या पान्यानं गंजलेल्या नटाचे कोपरे गेले असते. त्यासाठी १० नंबरचा फ्लेअर पाना आणला. रिंग पान्यासारखाच, फक्त पाइपवरून सरकवायला एका बाजूनं फट असलेला. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं. सकाळी नट फिरला, पण पाइपही त्याच्याबरोबर पिळला. नटाच्या आड पाइप इतका खाल्लेला होता, की हातानंच तुटला.

दुकानात तांब्याचा पाइप दाखवला. स्वस्त, वाकवायलाही सोपा, पण साधं तांबं गाडीच्या कंपनांनी कडक होऊन तडकतं. मी ४.७५ मिमीचा स्टीलचाच घेतला. जुना तुकडा मुद्दाम नेला होता, कारण टोक फुलवायचे दोन प्रकार, डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कारागीर फ्लेअर मारण्याआधी दोन्ही नट पाइपमध्ये ओवले ना, तेवढं बघावं.

मग पाइपात शिरलेली एअर काढायचं काम. चाकाजवळ हवा सोडायचं निपल असतं, त्याला नळी, नळीचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये. "दाब... धर... आता सोड." पेडल सोडायच्या आधी निपल बंद झालंच पाहिजे, नाहीतर हवा परत आत. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३, म्हणजे ऑइलचा प्रकार, लिहिलं होतं, तेच सीलबंद आणलं. उघडा डबा हवेतला ओलावा ओढतो. बुडबुडे थांबले, पेडल वरच कडक लागलं. इंजिन चालू करून जोरात दाबलं, नट कोरडाच. मग गल्लीतच सावकाश चालवून ब्रेक मारून बघितले.

उजव्या बाजूच्या पाइपलाही तसाच गंज दिसतोय. तो गळायची वाट न बघता नवा पाइप करायला टाकलाय.