बंद दुकानांची गल्ली

काल रात्री एका फोल्डरचं चित्र बदलत बसलो होतो. नुसता चाळा. 'चेंज आयकॉन'मधून विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरमधली 'मोरिकॉन्स डॉट डीएलएल' ही चित्रांची फाइल उघडली आणि हात थबकला.

आत जुन्या प्रोग्रामांची नखाएवढी, खडबडीत चित्रं. टर्बो पास्कल. वर्डपरफेक्ट. डीबेस! यातलं एकही या लॅपटॉपवर नाही, कधी येणारही नाही.

फाइल 1992 च्या विंडोज 3.1 च्या काळातली. डॉस या जुन्या प्रणालीचे प्रोग्राम विंडोजमध्ये घेतले की त्यांना काहीतरी चेहरा हवा, म्हणून केलेली. न जाणो, कुणाचा जुना शॉर्टकट तिच्यावर अडून असेल, म्हणून अजून कुणी काढलेली नाही. विंडोज 11 पर्यंत मुकाट्याने चालत आलीये.

लेक मागून डोकावली. "बाबा, ही दुकानं बंद झाली का?"

दुकानं! मला आठवला डीबेसचा क्लास. चपला बाहेर काढायच्या आणि एसीच्या गारठ्यात शिरायचं (घरी पंखाही कुरकुरत फिरायचा). पण लेक गेल्यावरही मी बघतच राहिलो. लॅपटॉपची घरघर तेवढी चालू. न विचारता कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटत होतं.

शेवटी फोल्डरला डीबेसचंच चित्र लावलं.

तुमच्याही विंडोजमध्ये ती फाइल असेल. डोकावणार?