बाळ बाउन्सरमध्ये झोपलं तर उचलायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. मी नवजात बाळांच्या आयसीयूत नर्स आहे, डिस्चार्जचे कागद हातात पडले की आई नाहीतर बाबा दारापाशी जरा घुटमळतात आणि विचारतात, सिस्टर, बाउन्सर आणून ठेवलाय, वापरू ना? चुलत बहीण रात्री अकराला मेसेज करते, ताई, बाकी कुठंच झोपत नाही गं हा, बाउन्सरमध्ये ठेवला की पाच मिनिटांत डोळे मिटतो, झोपू देऊ का तसाच? शब्द वेगळे असतात, विचारायचं एकच असतं, की बाउन्सर, म्हणजे बाळाला तिरकं टेकवून ठेवायची ती उसळती कापडी खुर्ची, सेफ आहे का.

तर बाळ जागं असताना, जमिनीवर ठेवून, बेल्ट लावून, तुमच्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ, हो, वापरा. झोपेसाठी नाही. रात्री नाही, दुपारी नाही, "आत्ताच लागलाय डोळा, पाच मिनिटं राहू दे" असंही नाही. पण एवढंच सांगून मी थांबले तर तुम्ही आत्ता मान डोलवाल आणि पहाटे तीन वाजता, सलग चौथ्या रात्री झोप न झालेली असताना, ते डोक्यातून निघून जाईल. त्यात तुमचा दोष नाही, त्या वेळी नियम कुणालाच आठवत नाहीत, पण त्यामागचं कारण एकदा नीट कळलेलं असलं तर ते आठवतं. म्हणून कारण सांगते.

मी नोकरीत नवीन होते तेव्हाची गोष्ट. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पावलाला एक छोटा सेन्सर गुंडाळलेला असतो, लाल उजेडाचा, त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मॉनिटरवर दिसत राहतो. एका बाळाला मी मांडीवर अर्धवट बसतं धरलं होतं, पाठ माझ्या हातावर, डोकं जरासं पुढं झुकलेलं. बाळ एकदम शांत, रडणं नाही, हातपाय झाडणं नाही, मला वाटलं चला, झोप लागली. मॉनिटरवर ९६ होते ते ९३ झाले, मग ९०, मग ८७, आणि अलार्म वाजायला लागला. आमच्या सीनियर सिस्टर आल्या, त्यांनी औषध दिलं नाही की ऑक्सिजन लावला नाही, फक्त एका बोटानं बाळाची हनुवटी वर उचलली. आकडा चढायला लागला, ८९, ९२, ९५. एवढं सगळं होईपर्यंत बाळानं डोळेसुद्धा उघडले नव्हते.

ते बाळ प्रीटर्म होतं, त्यांच्यात हे लवकर होतं हे खरं, पण पूर्ण दिवसांच्या बाळाचं शरीरही याच अडचणीतून जात असतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसाचं डोकं त्या हिशोबात केवढं झालं असतं विचार करा, आणि ते पेलायला मान मात्र अजून तयारच झालेली नाही. शिवाय डोक्याचा मागचा भाग फुगीर, त्यामुळे मागं टेकायला जागा असली तरी डोकं पुढंच ढकललं जातं. श्वासनलिका ४-५ मिलिमीटर रुंद, आणि मऊ. हनुवटी छातीला टेकली की ती नळी दुमडल्यासारखी होते, स्ट्रॉ वाकवल्यावर होतं तसं. आणि बाळं श्वास घेतात पोटानं, कंबरेत मुडपून बसलं की पोट वर दाबलं जातं आणि पोटानं श्वासाला जो जोर मिळायचा तोही कमी होतो. जागं बाळ मान हलवतं, कुरकुरतं, स्वतःच थोडं सरळ होतं. झोपलेल्या बाळाचे स्नायू सैल पडलेले असतात, ते काहीच करत नाही. आणि गुदमरणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जी धडपड येते, आवाज येतो, तसं यात काही होत नाही हो, शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असं काही घडतच नाही.

आता बाउन्सरची रचना बघा. कापडी झोळ, मधे खोलगट, पाठ तिरकी, बाळ त्यात हळूहळू खाली घसरतं आणि इंग्रजी सी अक्षरासारखं वळतं. त्यात बऱ्याच मॉडेलना व्हायब्रेशन असतं, मंद संगीत असतं, म्हणजे बाळाला गुंगी आणायची सोय पुरेपूर आहे आणि गुंगी आल्यावर जी पोझिशन लागते ती तिथं नाही. मला या वस्तूबद्दल सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. चांगली वस्तू आहे, बाळ आडवं पडून छताकडं बघत बसण्यापेक्षा त्याला आईचा चेहरा दिसतो, खेळणं दिसतं, आईला दोन्ही हात मोकळे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण ज्या गुणासाठी आपण ती आणतो, बाळ गप्प होतं, तिथूनच धोका सुरू होतो.

हे नुसतं पुस्तकी नाहीये. अमेरिकेत फिशर-प्राइस या खेळण्यांच्या कंपनीचा रॉक एन प्ले नावाचा तिरका स्लीपर, म्हणजे बाळाला झोपवायचं साधन होतं, बाउन्सर नाही, झोपण्यासाठी म्हणूनच विकलं जायचं, एप्रिल २०१९ मध्ये साधारण ४७ लाख नग परत मागवावे लागले, तेव्हा ३० पेक्षा जास्त बाळांच्या मृत्यूची नोंद होती. जानेवारी २०२३ मध्ये हे रिकॉल पुन्हा जाहीर केलं तोवर आकडा १०० च्या आसपास गेला होता, आणि त्यातले काही मृत्यू परत मागवल्यानंतरचे, म्हणजे वस्तू घरात तशीच राहिली होती. मधे जून २०२२ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं आणि कंपनीनं मिळून त्यांच्या रॉकर खुर्च्यांबद्दलही इशारा दिला, २००९ ते २०२१ मध्ये किमान १३ मृत्यू, बाळांना त्यात झोपू देऊ नका म्हणून. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत कायदा झाला की १० अंशांपेक्षा जास्त तिरकं असलेलं काहीही बाळाच्या झोपेसाठी म्हणून विकायचं नाही. बाउन्सरची पाठ त्याहून बरीच तिरकी असते. झोपेची वस्तू म्हणून तो विकला जात नाही म्हणूनच तो दुकानात आहे, हे लक्षात ठेवा.

आणि एक अभ्यास, २०१९ चाच, अमेरिकेतल्या २००४ ते २०१४ मधल्या झोपेतल्या ११,७७९ बालमृत्यूंचा. त्यातले ३४८ बसत्या साधनांमध्ये झालेले. बहुतेक कार सीटमधले आणि उरलेले मुख्यतः बाउन्सर, स्विंग, स्ट्रोलर यांमधले. प्रमाण म्हणाल तर ३ टक्के, म्हणजे घाबरून रात्रभर जागं बसा असं मी म्हणत नाहीये, पण त्या ३४८ पैकी निम्म्याहून जास्त बाळं स्वतःच्याच घरात होती, आणि आई-बाबांऐवजी सांभाळणारं दुसरं कुणी सोबत असण्याचं प्रमाण या मृत्यूंमध्ये जास्त होतं. म्हणून बाळ कुणाकडंही ठेवून जाताना दूध कधी, डायपर कुठं हे सांगता ना, त्यातच "डोळा लागला की उचलून सपाट झोपव" एवढं सांगाच. (कार सीटचं म्हणाल तर गाडी चालू असताना तीच योग्य जागा, फक्त पोहोचल्यावर बाळ त्यातच झोपवत ठेवू नका.)

पडण्याबद्दल मात्र मला स्वतःचंच सांगायचंय. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. जमीन नुकतीच पुसलेली, ओली, म्हणून मी बाउन्सर डायनिंग टेबलवर ठेवला आणि शेजारी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होते, हातभर अंतरावर. ती पाय मारत होती, खूश होती. दोन-तीन घड्या झाल्या असतील, वळून बघते तर बाउन्सरचा पुढचा पाय टेबलाच्या कडेपासून बोटभर राहिला होता. टेबलही ओल्या फडक्यानं पुसलेलं होतं, त्यामुळे रबरी पाय सरकत आलेल्याचे दोन ओले ओरखडे स्पष्ट दिसत होते. मी ते ओरखडे अजून विसरले नाही. बाळ लाथ मारतं, फ्रेम दबते, परत उसळते, उसळताना पायांवरचा भार क्षणभर हलका होतो आणि सगळं केसभर पुढं सरकतं, आणि बाळ दर मिनिटाला किती लाथा मारतं ते तुम्हाला माहीत आहेच. मी शेजारीच होते, बघत नव्हते. त्यामुळे टेबल नाही, किचनचा ओटा नाही, कपाट नाही, जमीनच.

पलंग आणि सोफाही नाही, बरं का, आणि हे पडण्यापेक्षाही वाईट. मऊ गादीवर एक बाजू रुतली की बाउन्सर बाळासकट कलंडतो आणि तोंड गादीत जातं, त्यात बेल्ट लावलेला असला तर बाळ तसंच अडकून राहतं. आणि बेल्ट प्रत्येक वेळी लावायचाच, पायांमधून येणारी पट्टीसुद्धा, नुसती कमरेची लावली तर बाळ खाली घसरत घसरत ती पट्टी गळ्याशी येऊ शकते. खेळण्यांची दांडी धरून उचलायचं नाही, ती हँडल नाहीये. वेगळी उशी, दुपटं, डोक्यामागं घालायचं काहीही नको, सोबत आलेलं जेवढं असेल तेवढंच.

"पण त्याला दूध वर येतं, म्हणून तिरकं ठेवते" हे तर खूपच जणी सांगतात, आणि त्यामागची माया मला कळते, दर वेळी दूध बाहेर आलेलं बघून जीव खालीवर होतो. पण बाउन्सरमध्ये बाळ मुडपून बसतं, पोटावर दाब येतो, त्यानं दूध वर येणं कमी होत नाही, काही वेळा वाढतं. दूध पाजल्यावर खांद्यावर उभं धरा थोडा वेळ, ढेकर काढा, आणि झोपवताना पाठीवर, सपाट, कडक गादीवरच. पाठीवर झोपलं आणि दूध वर आलं तर ठसका लागून अडकेल ही भीती असते, पण पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, वर आलेलं दूध तिच्यात चढून जात नाही, बाळ ते गिळतं नाहीतर बाहेर टाकतं. वजन वाढत नसेल, दूध घेताना अंग ताठ करत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो बाउन्सरनं सोडवायचा प्रश्न नाही.

किती वेळ ठेवायचं? मी घरी १५-२० मिनिटं धरली होती एका वेळी. त्याहून जास्त वेळ, दिवसातून चारदा, मग कार सीट, मग स्ट्रोलर, असं सगळं एकापुढं एक झालं की डोकं मागून चपटं व्हायला लागतं आणि मानेला, पाठीला जो व्यायाम हवा तो मिळत नाही. जागं असताना पोटावर पालथं ठेवणं सुरू करा, आधी मिनिटभरच, सात आठवड्यांपर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटांपर्यंत न्यायचं असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सुचवतात. बाळं आधी रडतात त्यावर, माझीही रडायची, मी तिच्यासमोर जमिनीवर आडवी पडायचे आणि बोलत राहायचे, मग डोकं उचलायची.

आता मूळ प्रश्न, की झोपलंच तर. उचलायचं. उठेल, रडेल, पुन्हा तासभर जागवेल, माहितीये मला. खरं तर डोळे जड व्हायला लागले, पापण्या अर्ध्यावर आल्या की तेव्हाच उचललेलं बरं, गाढ झोपेतून काढण्यापेक्षा ते सोपं जातं. झोपलंच असेल तर आधी व्हायब्रेशन बंद करा, मिनिटभर थांबा, एक हात मानेखाली एक कुल्ल्यांखाली घालून छातीशी धरा, आणि गादीवर ठेवताना आधी पाय आणि कुल्ले टेकवा, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. आपण घाईत डोकं आधी टेकवतो आणि मग बाळ दचकून दोन्ही हात पसरतं. ठेवल्यावर एक हात छातीवर थोडा वेळ तसाच राहू द्या. दहापैकी चार वेळा जमेल आधी, मग सहा वेळा.

आणि जागं असतानाही अधूनमधून हनुवटीखाली बोट घालून बघा. हनुवटी आणि छातीच्या मधे एक बोट आरामात जायला हवं. जात नसेल तर पोझिशन बिघडलीये, सरळ करा. माझ्या बहिणीला हे एकच वाक्य मी तीनदा पाठवलंय. प्रीटर्म बाळ असेल, वजन कमी असेल, श्वासाचा काही त्रास झालेला असेल, तर डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाउन्सर नकोच.

जुना मिळालाय कुणाकडून, वापरू का असंही विचारतात. बेल्टचं बकल घट्ट लागतं का, कापड कुठं उसवलंय का, फ्रेमचे जोड हलतात का, पायांचे रबर चारही आहेत का बघा, आणि खालच्या लेबलवरचं मॉडेल रिकॉल झालंय का ते कंपनीच्या साइटवर तपासा. लेबलच नसेल तर मी घेणार नाही.

बंद कधी करायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं, बहुतेकांवर साधारण ९ किलो, किंवा बाळ उठून बसायचा प्रयत्न करायला लागलं की, यातलं जे आधी होईल ते. वजनाची वाट बघू नका. माझी मुलगी साडेपाच महिन्यांची असताना एक दिवस तिनं खेळण्यांची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि पोट आत घेऊन स्वतःला पुढं ओढलं, पाठ कापडावरून पूर्ण सुटली, बाउन्सरचे मागचे पाय जमिनीवरून उचलले गेले. त्याच संध्याकाळी मी बाउन्सर घडी करून ठेवला. बकल तोवर ढिलं झालं होतं म्हणून कुणाला दिला नाही, टाकायच्या आधी कात्रीनं तिन्ही पट्ट्या कापल्या आणि कापडही उभं फाडलं, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी आपल्या बाळाला त्यात बसवणार नाही.