दुसरी वेलांटी

शनिवार, रात्री साडेअकरा

काकूंच्या घराच्या नावाची लाकडी पाटी झाली. तेलाचा हात देऊन दोन पट्ट्यांवर आडवी टेकवून ठेवली आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून लिहायला बसलेय. समोर असली की हात पुन्हा कोरायच्या पटाशीकडे जातो.

सोमवारी काकूंचा फोन आला तेव्हा मी पाटीच्या कडेची वेलबुट्टी कागदावर काढत होते. काम द्यायला अजून तीन आठवडे होते. "अगं, आम्ही या रविवारीच राहायला जातोय. मुलाला रजाच तेवढी मिळालीय. होईल का गं तोवर? नसेल होत तर राहू दे." ते 'राहू दे' म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मी हो म्हणून टाकलं. हिशोब केला तो फोन ठेवल्यावर. दिवसा नोकरी, हातात पाच रात्री आणि शनिवारचा दिवस. रात्री दहानंतर पटाशीवर ठोकायची मोगरी चालवता येत नाही, शेजारी झोपलेले असतात.

पहिला विचार आला तो अक्षरं खोदीव, म्हणजे लाकडात खोल कोरलेली, करण्याचा. दोन रात्रींत उरकली असती. पण 'सावली' हे नाव काकूंनी स्वतः बोरूने लिहून दिलंय. दहा-बारा कागद लिहिले आणि त्यातला एक निवडून माझ्या हातात ठेवला. कान्याची रेघ जाड, आणि 'ली'ची दुसरी वेलांटी केसासारखी बारीक सुरू होऊन वळता वळता भरत जाते. उठावाची, म्हणजे वर आलेली, अक्षरं असली की त्यांची स्वतःची सावली जमिनीवर, म्हणजे मागच्या सपाट लाकडावर, पडते, आणि घराचं नावच सावली. ते मला सोडवेना. मग वेलबुट्टी काढून टाकली. कोपऱ्यात एक पानसुद्धा ठेवलं नाही. तीन आठवड्यांतला निम्मा वेळ त्या पानांचाच होता. खरं सांगायचं तर आता पाटी बघताना ती पानं आठवतही नाहीत.

फळी सागवानाची, १८ इंच बाय ७, एक इंच जाड. मंगळवारी संध्याकाळी राउटरने, म्हणजे लाकूड खरवडणाऱ्या यंत्राने, अक्षरांभोवतीची जमीन ६ मिलिमीटर खाली घेतली, अक्षरापासून दोन मिलिमीटर लांब राहून. पुढचं सगळं हाताने. देवनागरी कोरताना लाकडाचे रेषे सतत डोक्यात ठेवावे लागतात. आडव्या फळीवर शिरोरेषा रेष्यांच्या दिशेनेच धावते, त्यामुळे तिच्या कडेने पटाशी उभी ठोकली की ती पाचरीसारखी घुसते आणि चीर पार पुढच्या अक्षरापर्यंत पळते. म्हणून आधी काने, म्हणजे रेष्यांना आडवे छेद, आणि मग शिरोरेषा, तीही हलक्या हाताने. 'व'च्या पोटात तर चार वेळा दिशा बदलावी लागते. पाव गोल झाला की रेषे उलटे फिरतात. तसंच रेटत गेलं तर पटाशी कापायची सोडून लाकूड उचकटते. बुधवार-गुरुवार या 'व'मध्येच गेले, आणि ते दोन दिवस मला फार आवडले.

शुक्रवारी चुकलं. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. एरवी मी वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून पटाशी चामड्याच्या पट्ट्यावर घासतेच. धार दिव्यासमोर धरायची. तिच्यावर पांढरी रेघ चमकली तर धार गेली, काहीच दिसलं नाही तर आहे. शुक्रवारी रात्री साडेदहाला रेघ चमकताना दिसली होती. दिसली, आणि मी म्हटलं एवढी वेलांटी होऊ दे. बोथट धारेला जोर जास्त लागतो. वेलांटीचं डावं टोक जिथे खाली वळून शिरोरेषेवर उतरतं, तिथे रेषे तिला आडवे छेदतात आणि लाकूड धरून ठेवायला काही उरत नाही. टक् असा आवाज झाला, आणि नखाएवढा तुकडा उडाला.

मी हललेच नाही. पाय उचलला असता तर तो भुशात गेला असता. टॉर्च जमिनीला समांतर धरून गुडघ्यांवर शोधला, पंधरा-वीस मिनिटांनी टेबलाच्या पायाशी सापडला. सागवान तेलकट, नुसतं चिकटवलं तर धरत नाही. दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसल्या, वाळू दिल्या, फेविक्विकचा सुईच्या टोकाएवढा थेंब, वरून चिकटपट्टी, आणि दिवा बंद. भुसा-डिंकाची लांबी, म्हणजे खाच बुजवायचा लगदा, भरण्याचा मोह झाला होता, पण ती लांबी तेल लागलं की काळी पडते.

आज सकाळी सगळ्या पटाश्यांना धार केली, दीड तास गेला. मग ते टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर छाटलं. ताज्या धारेने ते लोण्यासारखं निघालं. जमिनीवर छोट्या गोल पटाशीने खवले पाडले. राउटरच्या खुणा त्यात जिरल्या आणि अक्षरं उठून आली. पॉलिश पेपर मुद्दाम लावला नाही. धारदार पटाशीने कापलेलं लाकूड स्वतःच चमकतं आणि पेपरने बोरूच्या कडा बोथट झाल्या असत्या.

फिनिशिंगचा वेळ मात्र कमी करता येत नाही. चपड्याचं पॉलिश अर्ध्या तासात सुकतं, पण पाण्याने पांढरं पडतं, आणि पाटी दाराबाहेर लागणार. बॉइल्ड लिनसीडचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, एकच पातळ हात दिला आणि अगदी कोरडा होईपर्यंत पुसून घेतला. पुसलेली फडकी दोरीवर एकेक पसरून वाळत घातलीत. बोळा करून टाकली तर हे तेल सुकताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. दमलेल्या रात्री हेच विसरायला होतं, म्हणून आत्ता पुन्हा उठून बघून आले.

रविवार, दुपार

काकू मुलाला घेऊन आल्या. पाटी हातात घेतल्यावर काही बोलल्या नाहीत, शिरोरेषेवरून बोट फिरवत राहिल्या. मीच सांगितलं, "काकू, वेलांटीचं टोक तुटलं होतं. जोडलंय." त्यांनी चष्मा लावला, पाटी उजेडाकडे तिरकी केली, सांधा सापडला. "पावसात निघेल का गं?"

"थेट पाऊस लागू देऊ नका. आणि तेलाचा एकच हात झालाय, दुसरा बाकी आहे. महिन्याने मी घरी येऊन देते."

त्यांनी पिशवीतून छोटी वही काढली आणि उभ्याउभ्याच लिहून घेतलं, 'पाटीला तेल'. त्यातल्या 'टी'ची वेलांटी तशीच, केसासारखी सुरू होऊन भरत गेलेली.