मेथीची जुडी आणि तीस सेकंद

आमच्या लेडीज डब्यात एक काकू आहेत. कल्याणला चढतात, म्हणून त्यांना खिडकी. मी डोंबिवलीची, नशिबात असेल त्या दिवशी चौथी सीट. काकूंच्या मांडीवर पिशवी, पिशवीवर पेपर, पेपरवर मेथीची जुडी आणि हातात फुगे फोडायचा गेम. गेममधले जीव संपले की काकू 'जाहिरात बघा, जीव मिळवा'वर टिचकी मारतात, फोन मांडीवर पालथा टाकतात आणि मेथी निवडायला लागतात. आवाज बंदच असतो. अंदाजाने तीस सेकंद झाले की फोन सुलटा, कोपऱ्यातली फुली, जीव खिशात.

"एका जाहिरातीत सात-आठ काड्या होतात गं," हा त्यांचा हिशेब.

पंचाईत अशी की मी याच धंद्यात आहे. चकाल्याला ऑफिस, काम गेमवाल्यांना जाहिराती मिळवून द्यायचं. काकू जे करतात त्याला आमच्याकडे रिवॉर्डेड व्हिडिओ म्हणतात आणि तो सगळ्यांचा लाडका, कारण लोक तो शेवटपर्यंत चालू देतात. "यूजर स्वतःच्या मर्जीने बघतो," हे वाक्य मी क्लायंटसमोर किती वेळा म्हटलंय देव जाणे.

काकूंनी टिचकी मारायच्या आधीच त्यांचा लिलाव होऊन गेलेला असतो. पूर्वी वॉटरफॉल असायचा: जाहिराती आणून देणाऱ्या कंपन्यांपैकी, म्हणजे नेटवर्कांपैकी, सगळ्यात जास्त भाव देणाऱ्याला आधी विचारायचं, तो नको म्हणाला की खालच्याला, मग त्याच्या खालच्याला. ही उतरंड रचण्यात माझी नोकरीची पहिली दोन वर्षं गेली. आता बिडिंग आलंय, सगळ्यांना एकदम विचारतात आणि चढी बोली जिंकते. जिंकलेला व्हिडिओ फोनमध्ये आधीच उतरवून ठेवतात, म्हणून दिवा स्टेशन सोडल्यावर रेंज गेली तरी काकूंची मेथी थांबत नाही. पैसे हजार वेळा दाखवण्याच्या हिशेबाने मिळतात. अमेरिकेतल्या हजारांपुढे आपल्याकडचे हजार म्हणजे चिल्लर. त्यातही बऱ्यापैकी बोली लावायचे ते रमी आणि फँटसी क्रिकेटवाले. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा झाला, त्यांच्या जाहिरातींवरसुद्धा, आणि ती गिऱ्हाइकं लिलावातून उठून गेली. त्या आठवड्यात ऑफिसात चहासुद्धा कोणी धड प्यायलं नाही.

बरं, जाहिरात 'दिसली' असं कधी म्हणायचं? या धंद्यातलं रूढ माप असं: व्हिडिओचे निम्मे पिक्सेल सलग 2 सेकंद स्क्रीनवर असले की दिसली. कोणाला दिसली, हे माप विचारत नाही. काकूंच्या साडीला रोज चार-पाच जाहिराती अगदी पूर्ण दिसतात, आणि त्यांचे पैसे कोणीतरी भरतं.

मी ऑफिसात हे बोलले नाही. बोलून करणार काय? फोन पालथा आहे का ते तपासा म्हणू? उद्या खरंच तपासायला लागले तर काकूंचा शाप मला लागायचा.

गेल्या मंगळवारी मात्र काकू चिडल्या. जाहिरात संपली, फुली आली, त्यांनी दाबली आणि समोर थेट प्ले स्टोअर. परत आल्या, परत दाबली, परत तेच. खरी फुली दुसऱ्या कोपऱ्यात होती, राखाडीवर राखाडी, तिळाएवढी. मला लगेच सापडली, सापडणारच. तोवर दोन क्लिक मोजून झाल्या होत्या.

"एवढीशी फुली कोण करतं गं? डोळे फुटलेत का त्यांचे?"

"असतात काही लोक," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, मग अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. घाटकोपर येईपर्यंत मी देठं मोडत बसले.