भाव पडला तशी जोखीम ‘कमी’ झाली

20 एप्रिल 2020 ला क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव शून्याखाली गेला, तेव्हा मी रिस्क डेस्कवर होते. डेस्क म्हणजे घरचा लॅपटॉप, लॉकडाउन होता. बाहेरच्यांना वाटतं, रिस्कवाले भाव कुठे जाईल ते ओळखतात. छे! ट्रेडरने काय धरून ठेवलंय, ते उलटलं तर किती बुडेल आणि लिमिट ओलांडलं तर झोपेतून कुणाला उठवायचं, एवढंच आमचं काम.

आमच्या ट्रेडरकडे डब्ल्यूटीआयच्या, म्हणजे अमेरिकन क्रूडच्या, मे महिन्याच्या वायदा कराराची थोडी खरेदी उरली होती. करार दुसऱ्याच दिवशी संपणार होता. शेवटपर्यंत धरला तर ओक्लाहोमातल्या कुशिंगला प्रत्यक्ष तेल उचलावं लागतं, लॉटमागे 1,000 बॅरल. तिथल्या टाक्या एकतर भरलेल्या, नाहीतर आधीच कुणीतरी अडवून ठेवलेल्या. “जूनमध्ये रोल करतो, फरक जरा कमी होऊ दे,” ट्रेडर सकाळपासून म्हणत होता. रोल म्हणजे मेचा करार विकून जूनचा घ्यायचा. ट्रेडर लोकांना ‘जरा’ हा शब्द फार आवडतो.

मला अजून छळतो तो मात्र लिमिटचा रकाना. आमचं लिमिट मूल्यावर होतं: लॉट गुणिले बॅरल गुणिले भाव. समजा 50 लॉट आहेत. शुक्रवारी भाव 18.27 डॉलर होता, म्हणजे मूल्य 9,13,500 डॉलर. सोमवारी भाव 5 वर आला की तेच अडीच लाख. 1 वर आला की 50 हजार. लॉट तेवढेच, गिऱ्हाईक मिळेना, मुदत तासांवर आलेली, आणि स्क्रीन मात्र अधिकाधिक हिरवी. सिस्टीम जणू सांगत होती, जागा आहे, आणखी घ्या.

न्यूयॉर्कच्या अडीचला सेटलमेंट झालं, म्हणजे दिवसाचा अधिकृत भाव ठरला: उणे 37.63 डॉलर. तेल विकणाऱ्यानेच वर पैसे द्यायचे. मग तर कहरच झाला. उणे मूल्य म्हणजे विक्री, असं समजून सिस्टीमने आमची खरेदी ब्रेंट या दुसऱ्या जातीच्या क्रूडच्या खरेदीतून वजा केली. शुक्रवारपासून बॅरलमागे 55.90 डॉलर गेले होते आणि एकूण जोखमीचा आकडा खाली आला होता.

हे पहिल्यांदा बघितलं ते आमच्याकडे नव्यानेच लागलेल्या मुलीने. “मॅडम, आपली खरेदी विक्रीत का दिसतेय?” वरिष्ठांनी कॉलवरच निकाल लावला, “डेटाफीडचा घोळ आहे, सकाळी बघू.” घोळ कसला! उणे भावांची चाचणी करून घ्या, अशी सूचना एक्सचेंजने 15 एप्रिललाच काढली होती. आमच्याकडे ती आयटीच्या मेलबॉक्सात गेली आणि तिचं ‘कमी प्राधान्य’ असं तिकीट झालं. सूचना न वाचणारी माणसं रिस्क कमिटीत कशी बसतात, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी करार 10.01 वर बंद झाला, म्हणजे 47.64 डॉलरने वर. आमच्या रिपोर्टात तो 126.6 टक्क्यांनी पडला होता, कारण टक्केवारी काढताना छेदात उणे 37.63. दुसरं मॉडेल लॉगॅरिदमवर चालायचं. उणे संख्येचा लॉग निघत नाही, सेलमध्ये एरर आली, आणि एरर आली की शून्य भरायचं हा कुणीतरी फार पूर्वी घालून ठेवलेला नियम आपोआप चालला. क्रूडच्या बाजारातला सगळ्यात भयंकर दिवस आमच्या इतिहासात ‘भाव बदलला नाही’ म्हणून जमा झाला.

रिस्कच्या परीक्षेत 99 टक्क्यांचं व्हॅल्यू-ॲट-रिस्क काढायला शिकवतात, म्हणजे शंभरातल्या 99 दिवशी तोटा ज्याच्या पलीकडे जाऊ नये तो आकडा. मीही ते घोटून पास झाले. सूत्रातला भाव शून्याला टेकला तर काय, हे विचारायची सवय लागते ती अशा रात्री. लिमिट आम्ही त्याच आठवड्यात लॉटवर आणलं आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांसाठी वेगळी, कडक मर्यादा घातली. त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

भांडण आहे ते त्या एका दिवसाच्या नोंदीवर. मॉडेलवाले म्हणतात, अपवाद आहे, काढून टाका. मी म्हणते, ठेवा, पण टक्क्यांत नको, डॉलरच्या फरकात. त्यावर त्यांचा मुद्दा असा की त्याच दिवशी जूनचा करार 20.43 वर बंद झाला होता. 55.90 चा फटका त्याला लावला तर तोही उणे 35 च्या घरात जातो, आणि तसं तर झालंच नव्हतं. मुद्दा खोटा नाही. मग फटका फक्त संपत आलेल्या करारांना लावायचा, तर ‘संपत आलेला’ म्हणजे किती दिवसांचा?

आमची इतिहासाची खिडकी 500 दिवसांची, म्हणजे मॉडेल तेवढेच मागचे दिवस बघतं. ती पुढे सरकली आणि तो दिवस आपोआप बाहेर पडला, त्यामुळे जोखमीचा दुरुस्त केलेला आकडाही उतरला. बैठकीत जोखीम आटोक्यात आणल्याबद्दल डेस्कचं कौतुक झालं. हल्ली मी त्या दिवसाची ओळ दर तिमाहीला स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे वाईटात वाईट दिवशी किती बुडेल त्या चाचणीत, हाताने भरते. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, ही अजून कशाला.